यात्रेकरूंची वाट बांधणाऱ्या अहिल्याबाई

इंदूरहून भल्या पहाटे गाडी करून निघालेला प्रवासी ओंकारेश्वर आणि महेश्वर ही दोन्ही क्षेत्रे पाहून त्याच रात्री परत येऊ शकतो. काशीतही तसेच आहे. सकाळी सोबत घेतलेला मार्गदर्शक विश्वनाथ, अन्नपूर्णा, मणिकर्णिका असे सारे दाखवून संध्याकाळच्या गंगा आरतीला प्रवाशाला घाटावर आणून सोडतो. गया, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, हरिद्वार अशी ही यादी वाढवता येईल. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या या क्षेत्री मार्गदर्शकांच्या तोंडी एक नाव हमखास येते, ते म्हणजे अहिल्याबाई होळकर. त्यांनी हे देऊळ बांधले, एवढे सांगून तो पुढे चालू लागतो, कारण एका दिवसात बरेच काही पाहायचे असते.

अशा धावत्या दर्शनात प्रवाशाची नजर शिखराकडे लागलेली असते. अहिल्याबाईंच्या कामाचा मोठा भाग मात्र त्याच्या पायाखाली आणि आजूबाजूला पसरलेला असतो. घाटाच्या पायऱ्या, कुंडाचे चिरेबंदी काठ, धर्मशाळेची ओसरी, वाटेवरची विहीर, अन्नछत्राची चूल या गोष्टींकडे थांबून पाहायला त्याला सवड नसते. देवळासोबत देवळापर्यंत पोचणाऱ्या माणसाची सोय पाहणे हे अहिल्याबाईंच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य होते. ते समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात मोडते. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, घराणे धनगराचे. मुलींना अक्षरओळख होण्याची फारशी रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या लेकीला लिहायला-वाचायला शिकवले, असे सांगितले जाते. मेंढपाळ घराण्यातून पुढे येऊन बाजीराव पेशव्यांचे विश्वासू सरदार झालेले मल्हारराव होळकर एकदा पुण्याच्या वाटेवर चौंडीला उतरले, तेथील देवळात त्यांनी ही मुलगी पाहिली आणि आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील काहीही असो, १७३३ मध्ये खंडेराव होळकरांशी त्यांचा विवाह झाला आणि आठ वर्षांची अहिल्या माळव्याच्या सुभेदारांच्या घरात आली.

सासू गौतमाबाई आणि सासरे मल्हारराव या दोघांनी सुनेला घडवले. मल्हारराव वर्षातले बहुतेक महिने मोहिमांवर असत. मागे राहिलेल्या दौलतीचा वसूल, पत्रव्यवहार, रसद आणि हिशेब सांभाळायला घरात जाणते माणूस हवे होते. खंडेराव शूर होते, परंतु कारभारात त्यांचे मन रमत नसे, असे जुने लेखक सांगतात. साहजिकच ही जबाबदारी हळूहळू अहिल्याबाईंकडे आली. १७४५ मध्ये त्यांना मालेराव हा मुलगा आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही मुलगी झाली.

१७५४ मध्ये जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडलेला असताना तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला होता. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी सुनेची विनवणी करून तिला त्या निश्चयापासून परावृत्त केले. म्हातारपणी आपल्या दौलतीला आधार कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना सुनेतच दिसत होते. अहिल्याबाई मागे राहिल्या.

पुढची बारा वर्षे त्यांच्या शिक्षणाची होती असे म्हणावे लागेल. १७६१ मध्ये पानिपतचा आघात झाला, त्याच वर्षी गौतमाबाईही गेल्या. आता घर आणि दौलत दोन्हींचा भार अहिल्याबाईंवर पडला. १७६५ च्या सुमारास मल्हाररावांनी त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत चंबळ उतरून ग्वाल्हेरला मुक्काम करण्याच्या, तोफखाना पुढे नेण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. देवपूजेत मग्न असलेली शुभ्रवस्त्रा विधवा हे चित्र घरोघरी पोचले आहे. तोफगोळ्यांचा हिशेब ठेवणारी सून ही त्याच बाईंची दुसरी बाजू आहे आणि ती कमी ठाऊक आहे.

दौलतीचा वारसा

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. नातू मालेराव सुभेदार झाले, परंतु त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. एप्रिल १७६७ मध्ये, अवघ्या काही महिन्यांत, तेही मरण पावले. मालेरावांना आईनेच हत्तीच्या पायी दिले, अशी एक कथा लोकांत फिरत असते. तिला विश्वसनीय आधार नाही. आजाराने खचत चाललेल्या मुलाच्या उशाशी बसून राहिलेली आई, हेच त्या काळाचे खरे चित्र आहे.

पती, सासरे आणि मुलगा असे तिघे गेल्यावर होळकरांच्या दौलतीचा वारस कोण, हा प्रश्न उघडपणे पुढे आला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि राघोबादादांना त्यात ओढले. अहिल्याबाईंनी दत्तकाला नकार दिला. एका सुभेदाराची सून आणि दुसऱ्याची आई या नात्याने कारभाराचा हक्क आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी फौज सज्ज केली, शिंदे, भोसले आणि गायकवाड यांच्याशी संधान बांधले आणि पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपले म्हणणे मांडले. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. उज्जैनजवळ क्षिप्रेपर्यंत आलेल्या राघोबादादांना माघार घ्यावी लागली. लढाई न होता प्रश्न मिटला, परंतु तो मिटण्यामागे लढण्याची पूर्ण तयारी होती.

१७६७ च्या अखेरीस अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला. फौजेचे नेतृत्व त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवले. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते, तरी त्यांच्या विश्वासातले होते. मुलखाचा कारभार, वसूल आणि न्याय अहिल्याबाईंकडे, तर स्वाऱ्या आणि लष्कर तुकोजींकडे, अशी ही वाटणी सुमारे २८ वर्षे टिकली. तीत कुरबुरी होत्या. मोहिमेवरून तुकोजींची पैशासाठी पत्रे येत आणि महेश्वराहून हिशेबाची मागणी जाई. तरीही वाटणी मोडली नाही, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट होती.

महेश्वरचा दिनक्रम

राजधानीसाठी अहिल्याबाईंनी इंदूरऐवजी नर्मदेकाठचे महेश्वर निवडले. नदीच्या उत्तर तीरावरचा किल्ला, त्याखाली उतरत गेलेल्या घाटाच्या रुंद पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवरची देवळे हे महेश्वरचे आजचे रूप मुख्यतः त्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या काळात घडले. त्यांचा वाडा मात्र साधा आहे. लाकडी खांबांच्या त्या वाड्यात गेलेल्या पर्यटकाला पुष्कळदा आश्चर्य वाटते, कारण राजवाडा म्हणून जे डोळ्यांपुढे असते ते तेथे दिसत नाही. ज्या ओसरीवर बसून त्या न्यायनिवाडा करीत, तेथे त्यांची गादी आजही जपून ठेवलेली आहे.

त्यांचा दिनक्रम इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने नोंदवून ठेवला आहे. अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने तो माळव्यात आला आणि त्यांना पाहिलेल्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, ग्रंथश्रवण, दानधर्म, मग भोजन आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि संध्याकाळपर्यंत काम पाहत. सायंपूजा आणि फराळ झाल्यावर रात्री पुन्हा कागदपत्रे पुढे येत. त्या पडदा पाळत नसत. तक्रार घेऊन आलेला माणूस कितीही लहान असला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचू शके.

न्यायदानातील त्यांची एक भूमिका विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. निपुत्रिक मेलेल्या धनिकाची संपत्ती सरकारजमा करण्याची वाट अनेक राज्यकर्त्यांना सोयीची वाटत असे. अहिल्याबाईंनी अशा प्रसंगी विधवेचा हक्क राखला. इंदूरचा एक सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेतून रक्कम काढण्याचा तुकोजींचा विचार होता. विधवेने महेश्वरला धाव घेतली आणि अहिल्याबाईंनी तुकोजींना माघार घ्यायला लावली. दत्तकाच्या प्रश्नावरून स्वतः ज्या संकटातून त्या गेल्या होत्या, त्याची आठवण या निवाड्यांमागे असावी असे वाटते.

रस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही त्यांनी याच व्यवहारी दृष्टीने सोडवला. डोंगराळ मुलखातून जाणाऱ्या वाटांवर भिल्लांच्या टोळ्या प्रवाशांना लुटत. बळाचा वापर झाला, परंतु त्यावर विसंबून न राहता अहिल्याबाईंनी भिल्लांचा जुना हक्क मान्य केला. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाची लहानशी पट्टी त्यांनी घ्यावी आणि बदल्यात वाटसरूंच्या जिवाची व मालाची हमी द्यावी, असा करार झाला. लुटणाऱ्यांनाच रखवालदार केल्यामुळे व्यापारी आणि यात्रेकरू दोघांचीही वाट मोकळी झाली. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाणपोया लागत, थंडीच्या सुरुवातीला गरजूंना कपडे वाटले जात. नांगर ओढणाऱ्या बैलांना शेतात जाऊन पाणी पाजण्यासाठी महेश्वराहून माणसे पाठवली जात, हेही माल्कमने लिहून ठेवले आहे. विणकरांना आणून वसवल्यामुळे महेश्वरी साडीचा धंदा वाढला आणि तीर्थक्षेत्र असलेल्या गावाला पोटापाण्याचे साधनही मिळाले.

खासगीचा पैसा

एवढ्या बांधकामांना पैसा कोठून आला, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू प्रवाशाला पडावा. त्याचे उत्तर होळकरांच्या एका जुन्या व्यवस्थेत आहे. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली होती. तिला खासगी म्हणत. लष्कर आणि राज्यकारभार यांचा खर्च दौलतीच्या उत्पन्नातून चाले, तर खासगीचे उत्पन्न घरातील मुख्य स्त्रीच्या ताब्यात असे. गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. माळव्याबाहेरचा त्यांचा धर्मादाय मुख्यतः या उत्पन्नातून झाला. संचित द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ते सारे धर्मकार्याला वाहिले, अशी कथा आहे. कथेतील भाव खरा आहेच, पण त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा यांची खाती वेगळी राहिली.

यात कोणतेही बांधकाम एकदाच पैसे देऊन संपत नसे. देवळाची पूजा, दिवाबत्ती, पुजाऱ्याचे वेतन, अन्नछत्राचे धान्य आणि दुरुस्ती यांसाठी कायमची नेमणूक केली जाई. अनेक ठिकाणी त्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिलेले असे. शिखर उभे करणे एका पिढीत होते, परंतु चूल रोज पेटवावी लागते, हे त्या हिशेबी बाईंना पुरते माहीत होते.

काशी, गया, सोमनाथ

काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले होते. ते पुन्हा उभारण्याची मराठ्यांची इच्छा जुनी होती. १७४२ च्या सुमारास खुद्द मल्हाररावांच्या मनात तसा बेत होता, परंतु त्या मुलखावर अवधच्या नवाबाची सत्ता होती आणि परिणामांच्या भीतीने स्थानिक ब्रह्मवृंदही धास्तावला होता. बेत मागे पडला. सासऱ्यांची ती अपुरी इच्छा सुनेने वेगळ्या मार्गाने पूर्ण केली. जुन्या जागेचा वाद न उकरता, लगतच्या जागेवर त्यांनी नवे मंदिर बांधायला घेतले आणि १७८० मध्ये ते पूर्ण झाले. तेव्हा काशीत राजा चेतसिंग होता आणि १७७५ पासून त्याच्यावर इंग्रज कंपनीचा अधिकार आला होता. होळकरांची फौज तेथे नव्हती. होती ती परवानगी, पैसा आणि चिकाटी.

हे मंदिर आकाराने मोठे नाही. शिखराची उंची सुमारे ५१ फूट आहे. आज डोळ्यांत भरणारे सोने पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांच्या दानातून नंतर आले. दाट वस्तीच्या गल्लीत, मिळाली तेवढ्या जागेत, पूजा निर्वेध चालू राहावी एवढ्या बेताने ते उभे केले आहे. मंदिराबरोबर मणिकर्णिका घाटाचे बांधकाम झाले. काशीला आयुष्याचा शेवट व्हावा या इच्छेने येणाऱ्यांची आणि आप्तांचे अंत्यसंस्कार करायला येणाऱ्यांची तेथे रीघ असे. गंगेला पूर आला की काठ चिखलाचा होई. अशा ठिकाणी दगडी पायऱ्या बांधणे म्हणजे शोकात असलेल्या माणसाच्या पायांना आधार देणे होते. तिघा जवळच्यांना अग्नी दिलेला पाहणाऱ्या बाईंना तो आधार किती लागतो हे सांगावे लागत नव्हते. काशीतील एक घाट आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे आहे. फल्गू नदीच्या काठी, विष्णूच्या पदचिन्हावर उभे असलेले हे अष्टकोनी मंदिर सुमारे १०० फूट उंच असून करड्या पाषाणात घडवलेले आहे. पितरांचे श्राद्ध करण्यासाठी सर्व प्रांतांतील माणसे येथे येतात. त्यांतील कित्येकांना आपण पिंड ठेवतो तो मंडप मराठी बाईने बांधला, याची कल्पनाही नसते. गया तेव्हा सरळ कंपनीच्या अमलात होती.

सोमनाथला १७८३ मध्ये त्यांनी भग्न मंदिरापासून काही अंतरावर नवे देऊळ बांधले. तेथे मुख्य शिवलिंग जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात आहे. वारंवार झालेल्या विध्वंसाची आठवण ठेवूनच ही रचना केली असे मानतात. १९५१ मध्ये समुद्रकाठी आजच्या भव्य मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. त्याआधीच्या पावणेदोनशे वर्षांत सोमनाथाला येणाऱ्या भाविकाला दर्शन घडत होते ते याच लहान देवळात. आता भव्य मंदिराच्या ओढीने पुष्कळ जण तेथे डोकावतही नाहीत.

वेरूळच्या घृष्णेश्वराचे काम गौतमाबाईंपासूनचे आहे. अहिल्याबाईंनी त्यात भर घातली आणि तेथील शिवालय तीर्थाचे कुंड बांधले. हरिद्वारचा कुशावर्त घाट, केदारनाथच्या वाटेवरील धर्मशाळा आणि कुंड, तसेच अयोध्या, मथुरा, पुष्कर, नाशिक, त्र्यंबक, जगन्नाथपुरी आणि रामेश्वर येथील लहानमोठी कामे असा हा पसारा हिमालयापासून दक्षिण समुद्रापर्यंत पसरला होता. दरवर्षी गंगेचे पाणी कावडींतून दक्षिणेकडील दूरदूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी पाठवण्याची व्यवस्थाही त्यांनी केली होती. ज्याला काशीला जाणे परवडत नव्हते, त्याच्या गावच्या दैवतापर्यंत काशीच येत होती.

गोव्याच्या नजरेतून

अहिल्याबाईंच्या या पद्धतीचे मर्म गोव्यातील वाचकाला चटकन कळावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणली गेली. मूळ जागा हातची गेली तरी देवाचे घर राखायचे, हा निर्णय महाजनांनी घेतला. पुढे अठराव्या शतकात मराठी सत्तेचा त्यांना आधार मिळाला. पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाला. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे मंदिर १७३८ च्या सुमारास उभे राहिले, त्यामागे शाहू महाराजांच्या दरबारातील नारोराम मंत्री होते.

अहिल्याबाईंचे मोठे बांधकाम यानंतरच्या पिढीतले आहे, परंतु विचाराची जात एकच आहे. जागेच्या हट्टापेक्षा पूजेचे सातत्य महत्त्वाचे मानायचे आणि देवळाला उत्पन्नाची जोड द्यायची, हे दोन्हीकडे दिसते. गोव्यातील देवळासभोवती अग्रशाळा आणि तळी असतात. परगावाहून आलेल्या महाजनाने तेथे उतरावे, स्नान करावे, प्रसाद घ्यावा आणि मग देवापुढे उभे राहावे, अशी ती मांडणी आहे. अहिल्याबाईंच्या धर्मशाळा, कुंडे आणि अन्नछत्रे यांचा अर्थ हाच होता. फरक एवढाच की गोव्यात ही सोय मुख्यतः त्या त्या देवस्थानच्या कुळाव्यांसाठी होती, तर अहिल्याबाईंची धर्मशाळा अनोळखी वाटसरूसाठी होती. तो कोणत्या राज्याचा, कोणत्या भाषेचा, याची चौकशी तेथे नव्हती.

अखेरची वर्षे

सार्वजनिक जीवनात यश वाढत असताना घरात मात्र एकामागून एक दिवे मालवत होते. मुक्ताबाईचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. डोंगरी मुलखातील लूटमार मोडून काढणाऱ्या पराक्रमी तरुणाला मुलगी देण्याचा पण अहिल्याबाईंनी केला होता, असे सांगतात. या जोडप्याचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण होता. तो तरुण वयात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरवले.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी त्यांना जे विनवले होते, तेच आता अहिल्याबाईंनी मुलीला विनवले. त्यांचा उपयोग झाला नाही. सती न जाता आपण काय करू शकलो, हे जिच्या डोळ्यांसमोर होते, तिनेही आईचे ऐकले नाही. नर्मदेच्या काठी अहिल्याबाई चितेसमोर उभ्या राहिल्या. नंतरचे काही दिवस त्यांनी कोणाशी एक शब्दही उच्चारला नाही, असे माल्कमला सांगण्यात आले होते. पुढे त्यांनी लेकजावयाच्या स्मरणार्थ छत्री बांधली आणि पुन्हा कारभाराला लागल्या.

राजकारणही अनुकूल राहिले नव्हते. शिंदे आणि होळकर यांच्यातील चुरस वाढत गेली आणि १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा शिंद्यांच्या कवायती पलटणींकडून पराभव झाला. माळव्यात त्यांनी टिकवलेली शांतता ही त्यांच्या जागरूकतेवर उभी होती आणि ती जागरूकता वारशाने देता येण्यासारखी नव्हती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि होळकरांच्या घरात वारशाचा कलह पेटला. पुढची दोन दशके माळव्याने लूट, जाळपोळ आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ पाहिला. माल्कम आला तो या राखेत. लोक ज्या ओढीने अहिल्याबाईंची आठवण काढत, तिच्यामागे या दुःखद तुलनेचाही वाटा असला पाहिजे.

मागे राहिलेली जबाबदारी

महेश्वरच्या घाटावर त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले अहिल्येश्वर मंदिर आहे. किल्ल्यावरील वाड्यात मातीची छोटी शिवलिंगे घडवून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा त्यांच्या काळापासूनचा परिपाठ अजून चालतो. इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ त्यांच्या नावाने ओळखले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, तेव्हा त्या विस्तीर्ण प्रांगणात त्यांचा पुतळाही बसवण्यात आला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली.

गौरवाची ही साधने वाढत असताना त्यांच्या मूळ वारशाची देखभाल हा प्रश्न मात्र न्यायालयापर्यंत गेला. संस्थान विलीन झाल्यावर खासगीच्या देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या आणि बागा अशा सुमारे अडीचशे मालमत्ता १९६२ मध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेकडे आल्या. त्या देशाच्या अनेक राज्यांत विखुरलेल्या आहेत. हरिद्वार येथील मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उभा राहिला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेला मध्य प्रदेशचा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका बाईने यात्रेकरूंसाठी बांधलेला घाट नेमका कोणाचा, तो विकता येतो का आणि त्याची डागडुजी कोणी करायची, हे प्रश्न कोणत्याही भव्य पुतळ्याने सुटणारे नाहीत. अहिल्याबाईंनी प्रत्येक देवळामागे उत्पन्न लावून दिले होते, ते हे प्रश्न पुढच्यांना पडू नयेत म्हणूनच.

आज रेल्वे, विमान आणि भाड्याची गाडी यांमुळे तीर्थयात्रा तासांवर आली आहे. धर्मशाळेत मुक्कामाची गरज उरली नाही, विहिरीच्या जागी पाण्याच्या बाटल्या आल्या. त्यामुळे या जुन्या वास्तू सहज नजरेआड होतात. तरीही महेश्वरला किंवा मणिकर्णिकेवर उतरणाऱ्या प्रवाशाने मार्गदर्शकाला थोडे थांबवून पायऱ्यांकडे, कुंडांकडे आणि पडवीत ओस पडलेल्या धर्मशाळेकडे बोट दाखवून विचारायला हरकत नाही. देवळाच्या शिखराइतकीच अहिल्याबाईंची ओळख तेथेही आहे आणि पडझडीचा धोका तिलाच अधिक आहे.